आभारवाले काका

कार्यक्रम कुठलाही असो, माणसं उठून चपला शोधायला लागली की आमचे शेजारी दिगंबरकाका उभे राहतात. घसा खाकरतात, कोटाचं मधलं बटण लावतात आणि म्हणतात, "आता फक्त दोन मिन्टं." मग आभार सुरू होतात. ते दोन मिनिटांत संपल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

अंबडला आमच्या गल्लीत राहायचं तर काकांच्या आभारातून सुटका नाही. बारसं, साखरपुडा, रक्तदान शिबिर, कुणाच्या बोअरला लागलेलं पाणी, काका हजर. एकदा कोपऱ्यावरच्या खांबावर वायरमन चढला आणि लाइट आली. तो खाली उतरायच्या आत काकांनी त्याचे, शिडी देणाऱ्या रंगाऱ्याचे आणि अंधार गुपचूप सोसल्याबद्दल समस्त गल्लीचे आभार मानले. बिचारा वायरमन अर्ध्या खांबावर थांबून राहिला. उतरावं की ऐकावं हे त्याला कळेना.

काका एका हायस्कुलात हेडक्लार्क होते. शाळेच्या कार्यक्रमात अध्यक्षपद हेडमास्तरांकडे, प्रास्ताविक मराठीच्या सरांकडे, सूत्रसंचालन नव्या मॅडमकडे जायचं. आभार मात्र कुणालाच नको असत. तोवर पोरं पळालेली असत आणि पाहुणे जीपमध्ये बसलेले असत. ते काम काकांच्या गळ्यात पडलं आणि रिटायर झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. या माणसाने जन्मभर लोकांच्या पाठीकडे बघून भाषणं केली. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "आभार ऐकायला नसत्यात, मानायला असत्यात. बराबर हाय का न्हाई?"

हे 'बराबर हाय का न्हाई' त्यांचं पेटंट. समोरच्याने हो म्हणेपर्यंत ते पुढे सरकत नाहीत.

त्यांच्या आभाराची एक खुबी मात्र कबूल केली पाहिजे. कागद कधी नाही आणि मोठ्या माणसांची नावं भरभर. आमदार, सभापती एका श्वासात उरकतात. मग सतरंजी झटकणारा, बर्फाची लादी डोक्यावरून आणणारा, मांडवाच्या मागे कांदे चिरणाऱ्या बाया यांच्यापाशी आले की आवाज रुंद होतो आणि गती बैलगाडीची. कांदे चिरणाऱ्या बाईचं नाव, आडनाव, माहेर सगळं येतं.

दोन वर्षांपूर्वी शकुंतलाकाकू गेल्या. दहाव्याला आम्ही सगळे गोदाकाठी होतो. कावळा शिवला, माणसं उठायला लागली आणि काका उभे राहिले. त्यांनी गुरुजींचे मानले, लाकडं आणणाऱ्याचे मानले, फार ताटकळत ठेवलं नाही म्हणून कावळ्याचेही मानले. हसू दाबताना आणि डोळे पुसताना माणसांची फार तारांबळ झाली. पण काकूंचं नाव त्यांनी घेतलं नाही. जन्मभर जिने याला भाकरी करून घातली तिच्याबद्दल एक शब्द नाही, या विचाराने मी घरी येईपर्यंत धुमसत होते.

तेव्हापासून काकांचा संध्याकाळचा डबा आमच्या घरून जातो. मुलगा नितीन बंगळूरला, घरात काका एकटे. म्हणजे खांबावरच्या वायरमनला ज्याने सोडलं नाही, त्या माणसाला मी दोन वर्षं जेवू घालतेय. माझे आभार किती वेळा मानले असतील? एकदाही नाही. उलट डबा परत देताना, तोही न घासता, "सुनंदा, आज मीठ जरा कमी व्हतं," एवढी पावती. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, दिवसभर पोरं येता-जाता 'थँक्यू मॅडम' करतात, त्यामुळे माझी सवय बिघडलेली. मला हे लागायचं. मनात म्हणायचे, एकदा तरी या माणसाच्या तोंडून माझं नाव घेऊन आभार ऐकीन. सवाशेर मीठ घालीन, पण ऐकीन.

यंदा हुरड्याच्या दिवसांत माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, ऋतुजाचा, मेसेज आला. पुण्यातली नोकरी सोडून ती घनसावंगीजवळ वडिलांची मोसंबीची बाग बघते. बागेत दिवसभर गाणी, वाजप, चित्रं असं सगळं ठेवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'ना स्टेज, ना सत्कार, ना भाषणं. या, पसरा, ऐका, हुरडा खा.'

काकांना न्यावं असं मला वाटलं. त्यांनी मेसेज दोनदा वाचला. "सत्कार न्हाई, भाषण न्हाई. मंग कार्यक्रम हाय कशाचा?" पण रविवारी सकाळी मी गाडी काढली तेव्हा कोट, टोपी चढवून दारात उभे. हातात कापडी पिशवी.

"पिशवीत काय आहे, काका?"

"नारळ आन् शाल. ऐन टायमाला पळापळ नको."

बागेत पोचलो तर खरंच माणसं पसरलेली. मोसंबीच्या ओळींमध्ये सतरंज्या, कुणी उशाला बॅग घेऊन आडवं, कुणी झाडाला टेकलेलं. एका बाजूला जुनी बैलगाडी उभी करून बाया आणि पोरं ती रंगवत होती. काकांनी अगोदर गाडी कोणाची, मालकाला विचारलं का, याची चौकशी केली. मग राखणदाराची खुर्ची मिळवली. तिचा एक पाय तारेने बांधलेला होता. अख्ख्या बागेत ताठ बसलेला तेवढा एकच माणूस. समोर एक दाढीवाला तरुण बुंध्याला रेलून, डोळे मिटून आलाप घेत होता. काका माझ्या कानाशी वाकले.

"सुनंदा, त्याला बरं न्हाई का? झोपून गाऊन राह्यला."

ऋतुजा भेटायला आली, पाया पडली. काकांनी लगेच मुद्द्याला हात घातला.

"पाव्हणे कोण हायेत?"

"सगळेच पाहुणे, काका."

"आन् आभार कोणाकडं?"

"आभार नाहीत. ज्याला वाटेल तो उठतो आणि जातो."

"मंग संपलं हे कळायचं कसं?"

"हळूहळू संपतं आपोआप."

"हळूहळू माणूस संपतो बाई, कार्यक्रम न्हाई," काका म्हणाले. ऋतुजा ओशाळली. मला काकूंचं शेवटचं आजारपण आठवलं आणि मी त्यांच्या हातात हुरड्याची पत्रावळ दिली.

दुपारी बघते तर खुर्ची रिकामी. शोधत गेले तर काका हुरड्याच्या आगटीपाशी उकिडवे बसलेले, कोटावर राख, आणि कणसं भाजणाऱ्याला नाव-गाव विचारणं चाललेलं. तिथून ते चटणी वाटणाऱ्या बायांकडे गेले. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला नाव विचारलं तर ती नवऱ्याचं सांगू लागली. काका म्हणाले, "ते राहू द्या बाजूला. चटणी कोणी वाटली? त्यांनी का तुम्ही?" मग तिने हळूच सांगितलं, "गयाबाई."

मी ओळखलं. काका तयारीला लागले होते. आणि खरं सांगते, मलाही आशा लागली. सकाळपासून गाडी मी चालवत होते, स्वेटर मी आणला होता, खुर्चीवर घालायला माझी उशी दिली होती. आज नाव येणार नाही तर कधी येणार?

उन्हं कलली तसे टेंभुर्णीचे रशीदचाचा बुलबुलतरंग घेऊन बसले. हे शिलाईकाम करणारे गृहस्थ. खुर्चीवर ताठ बसलेल्या काकांकडे बघून ते म्हणाले, "आओ काका, नीचे बैठो. ऊपर से सूर आधा सुनाई देता." काका काय उतरतात, असं मला वाटलं. पण उतरले. सतरंजीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चाचा वाजवत होते तोवर हलले नाहीत. मोसंबीच्या पानांतून पिवळं ऊन आलं होतं, आगटीचा धूर जमिनीलगत पसरला होता, आणि ते बारीक, झणझणीत सूर ऐकताना आपण चपात्या, पेपर तपासणं, पगार या सगळ्यातून उठून कुठेतरी बसलोय असं मला वाटत होतं.

चाचा थांबले. टाळ्या झाल्या. मग ऋतुजा म्हणाली होती तसं हळूहळू संपायला लागलं. माणसं गवत झटकत उठली, पाठी फिरल्या, चपला शोधल्या जाऊ लागल्या. काकांनी टोपी घातली, उभे राहिले आणि कोटाचं मधलं बटण लावलं. माईक नव्हता.

"थांबू नका," ते म्हणाले. "निघा तुम्ही, चालता-चालता ऐका. मला सवय हाय. फक्त दोन मिन्टं."

आता गंमत अशी की, थांबू नका म्हणाल्यामुळे माणसं थांबली. दाढीवाला गवई चप्पल हातात घेऊन वळला. काकांनी ऋतुजा आणि तिच्या वडिलांचे आभार भरकन उरकले आणि मग त्यांची बैलगाडी सुरू झाली. आगटीवरचे मारोतराव, ज्यांची दोन बोटं सकाळी पोळली आणि तरी त्यांनी कुणाला कच्चं कणीस दिलं नाही. आडोशाचे खड्डे खणणारा शेख हुसेन, ज्याच्यामुळे बायामाणसं दिवसभर निश्चिंत बसली. बैलगाडीचे मालक, ज्यांना गाडी निळी होणार हे कुणी सांगितलं नव्हतं. "आन् बुलबुलतरंग चालू असताना एकदाबी न भुंकलेला कुत्रा. त्याला सगळे मोत्या म्हणून राह्यले, पण त्याचं नाव राजा हाय. मी इचारून घेतलंय."

लोक खळखळून हसले आणि जवळ येऊन उभे राहिले. शेवटी काकांनी पिशवी उघडली. "चटणी गयाबाईंनी वाटली," म्हणाले, आणि शाल, नारळ घेऊन स्वतः तिच्यापर्यंत चालत गेले. गयाबाईने पदर तोंडावर धरला तो सोडलाच नाही. ऋतुजा माझ्या शेजारी उभी राहून रडत होती आणि हसत होती. एवढ्या माणसांनी काकांचे आभार समोरून, तोंडाकडे बघत ऐकले, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला. आणि माझं नाव आलं नाही.

परतीच्या रस्त्यावर अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. एकीच्या मागे आम्ही अडकलो. काका मजेत होते. तेवढ्यात नितीनचा फोन आला. काकांना स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळे तो मीही ऐकला.

"बाबा, ज्वारीचं पीठ पोचलं. थँक्यू हां. थँक्यू सो मच."

"बरं."

"काळजी घ्या. ठेवतो. थँक्यू, बाबा."

काकांनी फोन मांडीवर पालथा ठेवला आणि ट्रॉलीकडे बघत बसले. नितीनच्या फोननंतर ते नेहमीच असे गप्प होतात. मी माझ्याच रुसव्यात होते, त्यामुळे थांबले नाही.

"काका, आज एक नाव राहिलं."

ते दचकले. "कोणाचं? मारोतराव घेतले, हुसेन घेतला, राजा..."

"माझं."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच काही उमगत नव्हतं.

"तुझं? तुझं कशाला घेऊ?"

"रोजचा डबा आहे. आजची गाडी आहे. दोन वर्षांत एकदा तरी?"

"घरच्यांचे आभार मानत्यात का कुठं? शकुंतलेचे कधी मानले का म्या? मानले असते तर म्हणली असती, ह्यानं मला बाहेरची केली. बराबर हाय का न्हाई?"

ट्रॉली थोडी पुढे सरकली, मी गाडी तेवढीच पुढे घेतली.

"बराबर आहे," मी म्हणाले.

काकांनी पालथा फोन सुलटा केला, काच कोटाच्या बाहीने पुसली आणि खिशात घातला.

"नितीन मानतो," ते म्हणाले. "दर फोनला मानतो."

ट्रॉली ओलांडून मी गाडी अंबडपर्यंत आणली. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटत होतं, आणि स्वतःसाठी इतकं बरं वाटत होतं की त्याची लाजही वाटत होती.

घरापाशी उतरल्यावर काकांनी ऋतुजाने त्यांना दिलेली मोसंब्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली. "धर. मला एकट्याला एवढी काय करायची." थँक्यू माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, सवयच ती. मी ते गिळलं.

"काका, उद्यापासून डबा घासून देत जा," मी म्हणाले. "काल भाजी वाळून चिकटली होती. किती घासायचं मी?"

काका फाटकाशी थांबले. कोटाचं मधलं बटण काढत म्हणाले, "तू मीठ बराबर घाल, मी बराबर घासतो." आणि अगदी खुशीत, रशीदचाचांची धून चुकीच्या सुरात गुणगुणत आत गेले.