कोंडीआबांचा बांबूचा कळप

"व्याली! व्याली गं व्याली!"

लग्न होऊन वरकुट्यात आले त्या पावसाळ्यात ही आरोळी मी पहिल्यांदा ऐकली. शेजारच्यांची गाय व्याली असेल, चीक मिळेल, म्हणून भांडं घेऊन धावत सुटले. बघते तर कॅनॉलच्या पाटाकडेला कोंडीआबा चिखलात गुडघे टेकून बसलेले आणि समोर मातीतून नुकताच वर आलेला बांबूचा कोंब! त्याच्यावर आबांनी आपल्या पटक्याची सावली धरली होती.

"बघ पोरी, कपिलीला झालंय! काल न्हवतं, आज वीतभर!"

मी भांडं पदराखाली लपवलं.

आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघ्यांनी दगा दिला तशी मेंढरं विकली, पण अंगातला मेंढका काही गेला नाही. चाळीस बांबू लावले, त्यांची चाळीस बेटं झाली आणि चाळीसही बेटांना नावं. कपिली, बांडी, लंगडी, कानतुटी. सांज झाली की काठी टेकत मोजायला निघायचे. मधेच कुणी "रामराम आबा" म्हणालं, की मोजणी चुकायची आणि पुन्हा कपिलीपासून सुरुवात. म्हणून शहाणी माणसं त्या वेळी पाटाकडं जात नसत. कुणाचा पाय कोंबाजवळ पडला की आबा ओरडायचे, "आरं, कोकरू हाय ते! माझ्या कळपात असं चालत न्हाय!"

हे खूळ शिरलं कसं, तेही सांगते. गावाला लागून वनखात्याचं रान आहे. आबांच्या मेंढरांची सगळी दुपार तिथल्या लिंबा-बाभळींखाली जायची. नव्वद साल उलटलं, घरोघरी टोमॅटो आला आणि वेलांना आधार द्यायला लोक त्याच झाडांवर कुऱ्हाड चालवू लागले. आबा एका लिंबाला मिठी मारून बसले.

"मग टोमॅटोला काय तुमची काठी लावू?" लोक म्हणाले.

"लावा की! चार वर्सं दम काढा, समद्यांना काठ्या देतो!"

लोक हसले. पण म्हाताऱ्याच्या वयाला मान देऊन थांबले. कुणी उसाच्या शेंड्यांचं वाढं वळून वेल बांधले, कुणी तारेवर भागवलं.

चार वर्षं सरली. बेटं अशी माजली की आत हात जाईना. तोडणीला अंथुर्ण्याहून टोपल्या विणणाऱ्या तानूबाई गावात मुक्कामाला आल्या. बांबू कसा तोडावा, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी कोयता काढला आणि आबा आडवे झाले.

"तानू, कोवळी काढ. म्हातारीला हात लावायचा न्हाय."

"आबा, उलटं सांगताय! जुनी काठी मधनं काढायची, यंदाची ठेवायची."

"आगं, कळपातली तरणी नरं इकत्यात. जुन्या माद्या ठेवल्या तरच कळप वाढतो."

"ही मेंढरं न्हाईत, आबा!"

"माझ्या कळपात असं चालत न्हाय!"

शेवटी कोवळ्याच काठ्या निघाल्या. आठ दिवसांत टोमॅटोच्या भारानं त्या कमानीसारख्या वाकल्या, काहींना भुंगा लागला. गावात हसून हसून पुरेवाट झाली. पण माल तर पिकायला आलेला. "आता सोमवारी कुऱ्हाडी घेऊन वनखात्याच्या रानात," असं पारावर ठरलं.

रविवारी मी आबांना चहा घेऊन गेले. मी कुणाशी फारशी बोलत नाही, आबांशी तर त्याहून कमी. कप ठेवून निघणार, तेवढ्यात बेटाकडं बघत तेच म्हणाले, "म्हातारं झालं की मधनं काढायचं. थोरला ल्योक बारामतीला ऱ्हातोय. जागा न्हाय म्हणतोय. हितंबी त्येच व्हय?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आबा, काढून टाकायला कोण म्हणतंय? कोवळ्यांना भार पेलंना, म्हणून जुन्यांना बोलवायचंय. पहिल्या काठ्या आमच्या रानात द्या."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. चहा एका घोटात संपवला आणि अख्ख्या वरकुट्याला ऐकू जाईल असे ओरडले, "तानूऽऽ! कोयता आण! म्हाताऱ्या कामाला निघाल्या!"

काय दिवस होता तो! तानूबाई आत शिरून एकेक काठी ओढत होत्या, आबा प्रत्येकीचं नाव घेऊन तिला गाडीत बसवत होते. बायका, पोरं, बैलगाड्या, एक ट्रॅक्टरही आला. सोमवारी कुऱ्हाड घेऊन कुणीच गेलं नाही. उरलेल्या लहानमोठ्या काठ्यांच्या टोपल्या करायला तानूबाईंनी तिथंच पाटाकडेला बैठक मांडली.

मग आठवड्याभरानं दुपारी आबा आमच्या टोमॅटोत उगवले. एक काठी चाचपून बघितली. "बांडीची थोरली ही. बरी हायस न्हवं?"

आम्ही भाकरी सोडत होतो. आमचे हे हसून म्हणाले, "आबा, काठीला बघाय आलाय का जेवाय?"

"काठीलाच आलोय," आबा म्हणाले, आणि बांधावर बसले. "पर आलोच हाय, तर कांदा फोड."

असे ते काल दुसऱ्याच्या रानात जेवले होते, परवा तिसऱ्याच्या. भाकरी त्यांनी इतक्या सावकाश खाल्ली, जणू ती संपायलाच नको होती. त्यांच्या घराच्या कौलांतून धूर निघताना मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी मी रानात दोन भाकरी जास्तीच्या नेल्या. आबा यायच्या आधीच आमचे हे कांदा फोडून बसले होते.