भूगोलाच्या बाईंचा तळ्यातला डबा

गॅस सिलेंडरवाल्याने फोनवर पत्ता विचारला, तर कुसुमबाई म्हणाल्या, "वीस अंश पंधरा मिनिटं उत्तर, पंच्याहत्तर अंश शेहेचाळीस मिनिटं पूर्व. अंगणात पेरू आहे." तो बिचारा पेरूचं झाड विचारत विचारत अख्खं भोकरदन फिरला. शेवटी माझ्या दुकानात येऊन पाणी प्याला आणि हळूच म्हणाला, "बाईंचं डोकं बराबर आहे ना?" मी म्हटलं, बिलकुल बराबर आहे, भूगोल शिकवायच्या.

माझं दुकान म्हणजे एसटीडी बूथ आणि दोन कॉम्प्युटर. बाईंच्या घराची आणि दुकानाची भिंत एकच. मी सातवीला बाईंच्या हाताखाली होतो. हाताखाली म्हणजे अक्षरशः हाताखाली. एकदा नकाशात माझं एक मिनिट चुकलं. "एक मिनिट म्हणजे दोन किलोमीटर, सुधाकर. माणूस विहिरीत जाईल," असं म्हणून त्यांनी पट्टी काढली. ती पट्टी मला अजून आठवते. "अंदाजपंचे बोलू नकोस," हे त्यांचं वाक्य तर आमच्या पिढीला झोपेत ऐकू येतं.

गंमत अशी की तीस वर्षं बाईंनी अक्षांश-रेखांश शिकवले, पण आपण नेमक्या कुठे उभ्या आहोत हे त्यांनी स्वतः कधी मोजलं नव्हतं. मोजणार कशानं? मग त्यांच्या भाच्यानं, महेशनं, अमेरिकेतून एक जीपीएस यंत्र पाठवलं. महेश चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. बाईंनी त्याला वाढवलं, लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल काही विचारायची गावात कुणाची टाप नव्हती.

ते यंत्र बाईंनी परकराच्या नाडीत ओवून गळ्यात घातलं. पिंपळगाव रेणुकाईला दर्शनाला गेल्या, तर देवीसमोर उभ्या राहून अंश-मिनिटं पुटपुटायला लागल्या. पुजाऱ्याला वाटलं नवस बोलतायत. त्यानं नारळ पुढे केला.

महेशनं एक खेळही कळवला होता. कुणीतरी एक डबा लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्यानं यंत्र घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथंच ठेवायचा. त्याच्या ईमेलात शेवटी होतं, "मावशी, तू एक डबा लपव. मी येऊन शोधतो." हे वाक्य बाईंनी मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "छापून दे."

लपवायला त्यांनी जागा निवडली ती धरणाच्या पाण्यातलं बाभळीचं टेकाड. तिथं जायला नाव नाही. किसनमामा मासे धरायला ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबांवर बाज बांधून जातो, तेच वाहन. बाजेवर मधोमध बाई, डोक्यावर छत्री, मांडीवर खताच्या पिशवीत गुंडाळलेला स्टीलचा डबा. मागं मी, जीव मुठीत धरून.

"बाई, हालू नका, बाज उलटंल," किसनमामा म्हणाला. "मंग म्या सांगितलं न्हाई म्हनताल."

"अंदाजपंचे बोलू नकोस, किसन. कुठल्या दिशेला उलटेल ते सांग."

डब्यात वही होती, पेन्सिल होती आणि पाच मार्कांची नकाशावाचनाची प्रश्नपत्रिका होती. ती सोडवल्याशिवाय वहीत नाव लिहायचं नाही, हा नियम बाईंनी स्वतः घातला. वहीची पहिली ओळ महेशसाठी. टेकाडावर यंत्रातले आकडे मी मोठ्यानं वाचले, बाईंनी चिठ्ठीवर लिहून घेतले. शोधणाऱ्याला जागा सांगायची नाही अशी शपथही मला आणि किसनमामाला घातली. दुकानात येऊन मी चिठ्ठीवरचे आकडे जसेच्या तसे इंटरनेटवर टाकले आणि चिठ्ठी बिलांच्या तारेत खोवून ठेवली.

त्यानंतर रोज अकराला बाई दुकानात हजर. "सापडला का कुणाला?" मी म्हणायचो, नाही. "बरं झालं. त्यालाच सापडू दे," म्हणून घरी जायच्या. असे आठ महिने गेले.

डिसेंबरात महेश आला, पाच वर्षांनी. आणि आला तो एका मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं पुण्याला सासुरवाडीला जायचं होतं.

आल्या आल्या आम्ही त्याला बाजेवर बसवलं. यंत्र आम्हाला टेकाडाकडं न नेता पार दुसऱ्या टोकाला, सांडव्यापाशी घेऊन गेलं. तिथं नुसतं पाणी आणि दोन म्हशी. महेशनं बाज गोल गोल फिरवायला लावली. "काय शोधून राह्यलेत हे?" किसनमामानं माझ्या कानात विचारलं. "डबा म्हशीनं खाल्ला काय?" आम्ही दोघंही शपथेत अडकलेले. दिवस मावळेस्तोवर आम्ही म्हशींना प्रदक्षिणा घालून परत आलो. काठावर बाई छत्री घेऊन उभ्या होत्या. "नाही सापडला? असू दे, उद्या बघू," एवढंच म्हणाल्या.

दुकानात येऊन मी ती जुनी चिठ्ठी तारेतून काढली. अक्षर बाईंचं, आणि उत्तरेचं एक मिनिट जास्त. टेकाडावर मी वाचलं होतं सोळा, चिठ्ठीवर सतरा. बाईंना चूक दाखवायची म्हणजे काय खायचं काम आहे? पण पोरगा डबा न बघताच निघून गेला असता.

सकाळी महेश माझ्या बूथमधून पुण्याला फोन करत होता. "दोन दिवस उशीर होईल. इथं एक काम अडकलंय," असं सांगत होता. मी मागच्या दारानं बाईंच्या स्वयंपाकघरात गेलो. बाई धपाटे लावत होत्या. मी चिठ्ठी पुढं केली. "बाई, रागावू नका. तुमचं एक मिनिट चुकलंय."

बाईंनी चिठ्ठीकडं पाहिलंही नाही. धपाटं उलटलं.

"सुधाकर, मी एक मिनिट चुकेन?"

मी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"बरोबर आकडा दिला असता तर अर्ध्या तासात काढला असता त्यानं. हुशार आहे, माझ्या हाताखालचा आहे. मंग? गेला असता दुपारच्या गाडीनं." तव्यावर तेल सोडत त्या म्हणाल्या, "मला करमत न्हाई रे त्याच्यावाचून."

तीस वर्षांत या बाईंनी असं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी चिठ्ठी खिशात घातली आणि एक धपाटं खाऊन निघालो.

दोन दिवस आम्ही इमानदारीत नको तिथं शोधलं. संध्याकाळी मावशी-भाचे अंगणात बसून नकाशावर वाद घालायचे, ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तिसऱ्या सकाळी बाईंनाच "आठवलं" की सतरा नाही, सोळा. अर्ध्या तासात डबा निघाला. महेशनं बाभळीखाली बसून पेपर सोडवला. काठावर बाईंनी तो तपासला आणि पाचपैकी साडेतीन दिले. वर म्हणाल्या, "दिशा लिहायला विसरलास." पहिल्या ओळीवर त्याचं नाव लागलं, आणि दुपारच्या गाडीनं तो गेला.

दुसऱ्या दिवशी अकराला मला वाटलं आज बाई येत नाहीत. आल्या. गळ्यात यंत्र, हातात नवा स्टीलचा डबा.

"सुधाकर, किसनला निरोप दे. आणखी एक लपवायचाय."

"कुठं, बाई?"

"जागा बघू कुठलीही," त्या म्हणाल्या. "पण या खेपेला चार दिवसांचा."