जागा : वरीलप्रमाणे

रस्त्यांनी माणसं जोडली, गावं जोडली, राज्यं जोडली. मानवाच्या प्रगतीचा इतिहास हा मुळात रस्त्यांचा इतिहास आहे. याला अपवाद फक्त दोन. एक निवृत्त हेडक्लार्क भाऊसाहेब आणि दुसरी त्यांची थोरली बहीण अक्का. या दोघांना रस्त्यानेच तोडलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी भाऊसाहेबांच्या दारासमोरचा रस्ता सहापदरी झाला आणि बरोबर समोरच्या घरात राहणारी अक्का परदेशी गेल्यासारखी झाली. अंतर म्हणाल तर सत्तर पावलं. पण त्या सत्तर पावलांत ट्रक धावत. पादचारी पूल होता दोन किलोमीटरवर, त्याला चौसष्ट पायऱ्या, आणि अक्काच्या गुडघ्यांचं पायऱ्यांशी जन्मात पटलं नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं भाऊसाहेब महिन्यातून एकदा पुलावरून तिच्याकडे जाऊन येत; मग त्यांनाही पायऱ्या झेपेनात. पण अक्काला माहेर रोज खिडकीतून दिसायचं आणि घडायचं मात्र नाही.

एरवी दोघं आपापल्या खिडकीत उभं राहून फोनवर बोलत. यात तोटा एकच. थाप मारता येत नसे.

“नाश्ता झाला का रे, धाकट्या?”

“केव्हाच!”

“मग हातात ब्रश कसला?”

धाकट्याला आता एकाहत्तरावं चालू होतं.

अक्काला रस्ता ओलांडता यावा म्हणून भाऊसाहेबांनी रस्ता झाला त्याच वर्षी झेब्रा क्रॉसिंगसाठी अर्ज केला होता. अर्ज निर्दोष होता. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढण्यातच घालवली होती. एकच मजकूर दोनदा लिहिणं म्हणजे शाईचा अपमान, हे त्यांचं नोकरीतलं ब्रीद. तेव्हा ‘अर्जदाराचा पत्ता’ या रकान्यात त्यांनी घरनंबरासकट पत्ता लिहिला, आणि खालच्या ‘क्रॉसिंगची जागा’ या रकान्यात हाताच्या सवयीने, सुरेख अक्षरात लिहिलं : ‘वरीलप्रमाणे’.

अकरा वर्षं आणि त्रेचाळीस स्मरणपत्रांनंतर खात्याने तो अर्ज मंजूर केला. शब्दशः.

काम झालं तेव्हा भाऊसाहेब आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, चार दिवस लेकीकडे गेले होते. त्या चार दिवसांत पट्टे ओढले गेले, सिग्नल उभा राहिला, आणि पादचाऱ्यांनी भलतीकडेच रस्त्यावर उतरू नये म्हणून छातीइतकं रेलिंग लागलं. नकाशात होतं तसं ते दोन्ही बाजूंनी वळवून थेट भाऊसाहेबांच्या दाराच्या चौकटीला आणून भिडवलं. दोघं परतले ते अंधारात, मागच्या गल्लीतून, आणि दमून झोपले.

सकाळी बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. दारात पांढऱ्या गणवेशातली नर्स.

“कोण हवंय?”

“कोणी नको. मला मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात जायचंय. रस्ता इथूनच आहे ना?”

काकूंनी बाहेर पाहिलं. पांढरे पट्टे पायपुसण्यापर्यंत आले होते. नर्सच्या मागे शिडी घेतलेला रंगारी होता, त्याच्या मागे सायकल हातात धरलेला शिंपी, आणि त्याच्या मागे बरंच शहर.

“अहो,” काकूंनी आत हाक मारली, “तुमचं क्रॉसिंग आलंय!”

त्या दिवसापासून माणसं पुढच्या दाराने आत येत आणि स्वयंपाकघरातून मागच्या गल्लीत उतरत. गल्लीतली माणसं उलट दिशेने येत. फुटपाथ रेलिंगने बंद, त्यामुळे ती सिग्नलची वाट बघत बसत ती भाऊसाहेबांच्या सोफ्यावर. हिरवा तीस सेकंद असे आणि लाल चार मिनिटं. लाल दिव्यात शिंप्याने भाऊसाहेबांच्या सदऱ्याची बटणं लावली. रंगाऱ्याने छताचा ओघळ पुसून टाकला. रिकामे बसलेल्यांच्या हाती काकूंनी वाटाणे दिले; एका लाल दिव्यात पाव किलो सोलून होत. नर्स येता-जाता भाऊसाहेबांचं ब्लडप्रेशर बघायची. ते वाढलेलं असे, आणि ते ज्यांच्यामुळे वाढलं ती सगळी मंडळी काळजीने आकडा विचारत.

“बाई, लेक सासरी गेल्यापासून घर खायला उठायचं,” काकू सगळ्यांना सांगत. “आता बघा कसं भरलंय!”

भरलं होतं, पण त्यात अक्का नव्हती. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, ती खिडकीतच उभी.

“ये ना अक्का! सगळं जग येतंय.”

“तीस सेकंदांत माझा एक गुडघा सरळ होत नाही रे. दुसऱ्याला काय सांगू?”

चौथ्या दिवशी कहर झाला. पुढच्या दाराने दोन हमाल आरशाचं कपाट घेऊन शिरले आणि त्याच वेळी मागच्या दाराने बँडवाला आपलं भलंमोठं पितळी वाद्य घेऊन आला. दोन्ही वाहनं बोळकंडीत अडकली.

“मागे घे! मला हिरवा आहे!”

“घरात कसला आलाय हिरवा?”

भाऊसाहेबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि स्वतःच्याच घरात वीस मिनिटं वाहतूक मोकळी केली. मग ते तडक तक्रार लिहायला बसले. सोफ्यावर एक वकील होते.

“‘असह्य’ नका लिहू भाऊसाहेब. ‘गैरसोयीचे’ लिहा. कोर्टात टिकतं.”

“आणि वाटाण्यांचा उल्लेख नको,” रंगारी म्हणाला. “ते चांगलं चाललंय.”

तक्रार गेली, आणि खातं सुधारल्याचा पुरावा म्हणून पुढच्याच आठवड्यात इंजिनिअर आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बगलेत फाईल. लाल दिवा होता म्हणून तोही सोफ्यावर टेकला. काकूंनी त्याच्यासमोर वाटाण्याच्या शेंगांचं ताट ठेवलं. त्याने शेंग सोलता सोलता फाईल उघडली.

“चूक आमची नाही, काका. हे अक्षर कोणाचं?”

भाऊसाहेबांनी पाहिलं. अक्षर खरोखर सुरेख होतं. चौतीस वर्षांत प्रथमच त्यांना एका अर्जातली चूक दाखवण्याचा मोह झाला नाही.

“सोपं आहे,” इंजिनिअर म्हणाला. “हे आज बंद करतो. तुम्ही नवीन अर्ज करा.”

“म्हणजे पुन्हा अकरा वर्षं?”

“छे! आता सगळं ऑनलाईन आहे. आठ-नऊ.”

एकाहत्तरात नऊ मिळवायला भाऊसाहेबांना कागद लागला नाही. अक्काच्या अठ्ठ्याहत्तरात मात्र त्यांनी ते मिळवलेच नाहीत. एवढ्यात फोन वाजला.

“धाकट्या, तो पिवळ्या टोपीचा कोण?”

“इंजिनिअर आहे, अक्का. क्रॉसिंग बंद होतंय.”

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. खिडकी रिकामी झाली. मग समोरच्या कडेला काठी दिसली आणि काठीमागे अक्का. हिरवा लागला. कामावर निघालेल्या नर्सने तिचा एक दंड धरला, शिंप्याने दुसरा. तिसऱ्या पट्ट्यावर पोचेपर्यंत दिवा लाल झाला.

सोफ्यावरचे सगळे उठून उभे राहिले. अक्का मात्र थांबली नाही. तिने काठी आडवी उचलली. सगळ्यांत पुढचा ट्रक करकचून ब्रेक लावून जागेवर थांबला, त्याच्यामागे सहा पदरांची रांग.

“आजी, सावकाश!” ट्रकवाला ओरडला.

“अरे, याहून सावकाश मला येत नाही!”

एकानेही हॉर्न वाजवला नाही. अक्का दारात आली, चौकटीवरून हात फिरवला, आणि आत येऊन सोफ्यावर बसली. श्वास जागेवर आल्यावर तिने भावाला खालून वर न्याहाळलं.

“एवढा म्हातारा कधी झालास रे? पलीकडून बरा दिसायचास.”

भाऊसाहेबांनी तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला. काकूंनी डोळे पुसले. इंजिनिअरने उगीचच फाईल चाळली, मग पेन काढून नकाशाच्या कोपऱ्यात ‘हिरवा : नव्वद सेकंद’ असं लिहिलं आणि घसा खाकरला.

“तर काका... बंद करायचं?”

बाहेर हिरवा लागला. कोणी जागचं हललं नाही.

“कागद आण गं,” भाऊसाहेब काकूंना म्हणाले.

ते लिहू लागले आणि सगळा सोफा त्यांच्या खांद्यावरून वाचू लागला. ‘तक्रार बिनशर्त मागे घेत आहे. क्रॉसिंग आहे त्या जागी उत्तम आहे. अकरा वर्षांनी माझी बहीण माहेरी आली. याबद्दल आपले खाते, नर्सबाई, शिंपी, समस्त वाहनचालक आणि विशेषतः पुढच्या ट्रकचे चालक यांचा मी आमरण ऋणी आहे.’ वकिलांनी मान डोलावली. रंगाऱ्याने नाक ओढलं. भाऊसाहेबांनी सही केली, तारीख घातली, क्षणभर मागच्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा पेन टेकवलं.

‘ता. क. – मागच्या दाराच्या वाटेवर आमचे न्हाणीघर असून त्याची कडी लागत नाही. तरी सकाळी सात ते सव्वासात कोणासही हिरवा देऊ नये, ही नम्र विनंती.’