नेच्याचं जावळ

सोमवारी श्रुतिकाची बाळंतपणाची रजा संपत होती. सासूबाई, प्रेमाबाई, भातकापणीसाठी मालवणला निघणार होत्या, आणि आठ महिन्यांच्या श्रेयसला ज्याच्याकडे सोपवावं असं मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस होतं. शेजारच्या मालनकाकू. त्या हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. लेकीकडे बोरिवलीला जाताना मात्र त्यांनी आपल्या लाडक्या नेच्याची कुंडी श्रुतिकाच्या हातात ठेवली.

"हा फर्न आठवडाभर सांभाळ. माती सुकू द्यायची नाही, ऊन लावायचं नाही. हा नीट राहू दे, मग बाळाचं बघू."

परीक्षाच होती ती!

श्रेयसला घामोळं आलेलं, म्हणून हॉलमध्ये दिवसभर एसी. त्या कोरड्या हवेत नेच्याची टोकं तपकिरी व्हायला लागली. श्रुतिकाने श्रेयसला मांडीवर झोपवत मोबाइलवर शोधलं. नेच्याला दमट हवा लागते. घरात दमट जागा एकच होती. कुंडी बाथरूमच्या फळीवर गेली.

"मग मी अंघोळ कुठे करायची?" तिचा नवरा निलेश टॉवेल घेऊन दारात उभा.

"तिथेच कर ना. पण गरम पाण्याने. त्याला वाफ हवी. आणि साबण उडवू नकोस."

"म्हणजे मी त्याच्यासाठी अंघोळ करतोय?"

"दोनदा केलीस तर अजून बरं."

वाफ नेच्याला मानवली. मधोमध लोकरीच्या गुंड्यांसारखे गोल कोंब आले. सगळं झकास चाललं होतं. पण खाली बसून लंगोट धुणाऱ्या प्रेमाबाईंनी सहज वर बघितलं आणि त्यांना पानांची मागची बाजू दिसली.

"गो श्रुतिका! कीड पडली!"

प्रत्येक पानामागे तपकिरी ठिपके होते, शर्टाच्या बटणांसारखे ओळीने.

"आई, तुमच्या विहिरीवर तर नेचे उगवतात ना? तिथे असे ठिपके असतात?"

"आम्ही उपटून टाकतो गो. उपटताना कोण पान उलटून बघता?"

मग कडुलिंबाचा काढा झाला. निलेशचा टूथब्रश झाला. अर्धे ठिपके गेले, अर्धे जाईनात.

"एका पानावरसून दुसऱ्यावर जातली ती. काप!"

श्रुतिकाने डोळे मिटून एक पान कापलं. मग त्याच्या शेजारचं. मग डावी बाजू विरळ दिसायला लागली म्हणून उजवीकडची. शेवटी कुंडीत खुंट राहिले आणि मधे ते चार गोल कोंब.

"जावळ काढल्यासारखो दिसता," प्रेमाबाई समाधानाने म्हणाल्या. "आता दाट येतला."

"वाट लागली," निलेश म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली. मालनकाकू! एक दिवस आधीच. निलेशने कुंडी पाठीमागे लपवली, पण काकूंना माती दिसली, मग निलेशचा चेहरा दिसला, मग कुंडी.

"माझा फर्न?"

"काकू, कीड लागली होती हो," श्रुतिका श्रेयसला छातीशी धरून रडवेली झाली. "पानांमागे तपकिरी ठिपके, ब्रशने घासूनही जाईनात. आणि ओळीने."

"ओळीने?" काकू भिंतीला टेकल्या. "अगं, कीड कधी ओळीत बसते का? त्याचं बी होतं ते! किती वर्षं वाट बघितली मी त्या ठिपक्यांची!"

श्रुतिकाने सासूबाईंकडे डोळे वटारून बघितलं. सोमवार, ऑफिस, पगार, सगळं तिच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं. आता काकू नाही म्हणणार. म्हणायलाच हवं.

काकूंनी हात पुढे केले. "आण ते पोर इकडे."

"का?"

"सोमवारपासून हा माझ्याकडे. झाडाचं तुम्ही हे केलंत, ह्याला तुमच्यावर सोडायची माझी हिंमत नाही." त्यांनी श्रेयसला घेतलं, उलटंसुलटं करून तपासलं आणि मानेवर बोट ठेवलं. "हे बघा, हा तीळ आहे. तीळ! ह्याला ब्रश लावायचा नाही."

श्रेयस त्यांच्या खांद्यावर लाळ गाळत खुशाल हसला. काकू त्याला घेऊन निघूनही गेल्या. रिकाम्या हातांनी श्रुतिका दाराकडे बघत राहिली.

प्रेमाबाईंनी कात्री पदराला पुसली. "बघलंस? इतको वेळ माझ्यार डोळे वटारी होतंस. झाला ना काम?"