राउटर निवड (प्रक्रिया चालू आहे)

वस्तू विकत घेणं कुणालाही जमतं. वस्तू निवडायला मात्र चारित्र्य लागतं. विकत घ्यायला दुकान पुरतं, निवडायला फाइल लागते. हे सत्य रघुनाथराव पोटनीस केंद्र सरकारच्या एका उपक्रमाच्या भांडार विभागात चौतीस वर्षं शिकले, आणि निवृत्त झाल्यावर चार वर्षं ते ज्ञान ठेवायचं कुठे, हे त्यांना कळेना. (पत्नी श्यामलाबाईंनी माळा सुचवला होता.)

रघुनाथरावांची कोलकात्याला बदली झाली ती तीन वर्षांसाठी. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. मुलगी वृषाली इथेच जन्मली, इथेच दातांची डॉक्टर झाली, आणि बघता बघता तिचे तीन दवाखाने झाले: एक बेहाल्यात, आईबाबांच्याच घराखाली, जिथे एरवी तिची सहकारी डॉक्टर बसते, दुसरा बालीगंजला, तिसरा न्यू टाउनला, जिथे ती आणि जावई आशिष राहतात. पण व्हायचं काय, की एक्स-रे काढलेला बेहाल्यात आणि दाढ ठणकायची न्यू टाउनला. म्हणून दर शनिवारी वृषाली तिकडचे एक्स-रे एका डिस्कवर भरून बेहाल्याला आणायची, इकडचे भरून न्यायची, आणि मधल्या वेळात वर येऊन जेवायची. यायला दीड तास, रस्त्यात मिरवणूक असली तर दोन.

जुलैत एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, तिन्ही दवाखाने जोडून टाकू या. प्रत्येक ठिकाणी एक छोटा राउटर बसवायचा, बस. तुम्हाला खरेदीतलं कळतं, तर कुठला घ्यायचा ते बघाल का?"

चार वर्षांत रघुनाथरावांना कुणीही काहीही बघायला सांगितलं नव्हतं (गॅसवरचं दूध वगळता). त्यांनी त्याच दुपारी फाइल उघडली.

विषय तसा सोपा होता. तीन दवाखान्यांमध्ये इंटरनेटमधून एक खाजगी बोगदा काढायचा, त्याला व्हीपीएन म्हणतात. बोगद्याच्या तोंडाशी एक रखवालदार बसवायचा, तो फायरवॉल. ही दोन्ही कामं जी पेटी करते, ती निवडायची. आशिष न्यू टाउनच्या एका कंपनीत हेच काम करतो. तो म्हणाला, "बाबा, पंखा नसलेली कुठलीही चार पोर्टची छोटी पेटी घ्या. मी एका दुपारी लावून देतो."

रघुनाथरावांनी या सूचनेची नोंद घेतली. 'कुठलीही' हा शब्द त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केला. जावई चांगला होता, पण खाजगी क्षेत्रातला होता.

दुसऱ्या शनिवारी पानावर अळूवड्या होत्या. (बेहाल्याच्या बाजारात कोचूची पानं मिळतात, बंगाली माणूस त्यांचं काय करतो तो त्याचा प्रश्न, श्यामलाबाई वड्या करतात.) वृषाली तिसरी वडी घेत म्हणाली, "हे एकदा लागलं ना बाबा, की माझी शनिवारची धावपळ संपली."

रघुनाथरावांनी हातातली वडी पानात परत ठेवली. शनिवार संपले तर आठवड्यात उरलं काय? वर्तमानपत्र, रक्तदाबाची गोळी आणि समोरच्या गच्चीवरचे कपडे. मुलीनं यावं, समोर बसून जेवावं, दोन वाक्यं बोलावी, याची त्यांना फार, अगदी पोटातून गरज होती. फाइलमध्ये याचा कुठेही उल्लेख नाही. फाइलमध्ये त्या तारखेला एवढंच म्हटलं आहे की, विषयाचं गांभीर्य पाहता सविस्तर निकष ठरवणं आवश्यक वाटतं.

निकष ठरले एक्केचाळीस. त्यानंतर जे काही बाजारात होतं ते एकेक करून छाननीला आलं.

तयार राउटर सर्वांत आधी बाद झाला. त्याची वर्गणी दरवर्षी भरावी लागते, आणि न भरल्यास तो दारावर बसतो खरा, पण चोर ओळखत नाही. मग पंखा नसलेली पेटी: मे महिन्यात कोलकात्यात जिथे माणसाला पंख्याशिवाय बसवत नाही, तिथे यंत्रावर ही वेळ आणणं योग्य नव्हे. मग पंखा असलेली पेटी: पंखा धूळ ओढतो, आणि जाळीच्या भोकातून झुरळ जाऊ शकतं. (प्रयोगासाठी स्वयंपाकघरातली तीन झुरळं पाहण्यात आली. दोन सहज गेली असती. तिसऱ्याबद्दल श्यामलाबाईंच्या चपलेमुळे मत देता येत नाही.) दवाखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरला जादा नेटवर्क कार्ड लावून भागवावं, असंही एक मत आलं, पण वीज गेली की तो एकटाच सगळा इन्व्हर्टर पिऊन टाकणार. शेवटी तळहाताएवढा एक बोर्ड, म्हणजे पेटीबाहेरचा उघडा कॉम्प्युटरच, आला. इतक्या लहान जिवावर तीन दवाखान्यांचा भार टाकणं रघुनाथरावांच्या मनाला पटेना.

ते नुसते वेळ काढत होते, असं मात्र कुणी म्हणू नये. ते खरोखर अभ्यास करत होते. पेटीवर छापलेला वेग आणि बोगद्यातून मिळणारा वेग यांत नवऱ्या मुलाच्या पत्रिकेतली उंची आणि प्रत्यक्षातली उंची यांच्याएवढं अंतर असतं, हे त्यांना कळलं. मजकूर कुलूपबंद करण्याची सोय प्रोसेसरमध्येच असली तर पेटी दमत नाही, हेही कळलं. चौसष्टाव्या वर्षी त्यांनी इतकं ज्ञान मिळवलं, की समोर यंत्र आलं तर कुठलं बटण दाबायचं एवढंच काय ते माहीत नव्हतं.

दर शनिवारी जेवणानंतर वृषालीपुढे फाइल ठेवली जाई. आणलेली डिस्क ते उघडून तपासत नसत, ते डॉक्टरकीचं काम. पण तिची आवक-जावक नोंदवही त्यांनी घातली होती आणि तीत दोघांच्या सह्या होत. वृषाली फाइल शांतपणे वाची, मान हलवी आणि विचारी, "मग झुरळांचं काय ठरलं?" अशा एकोणीस बैठका झाल्या. एकही चुकली नाही. दुर्गापूजेत तिन्ही दवाखाने पाच दिवस बंद होते, तरी डिस्क आलीच. मुलीची ही शिस्त पाहून रघुनाथरावांना भरून आलं. आपलं रक्त आहे, असं त्यांनी श्यामलाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, अगदी."

पण एकोणिसाव्या बैठकीत वृषाली जेवता जेवता पेंगली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. आठवडाभर दाढा उपटायच्या आणि सुटीच्या दिवशी बापाच्या फाइलसाठी शहर ओलांडायचं. रघुनाथरावांना लाज वाटली. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं शिफारस लिहिली: पंखा नसलेली, चार पोर्टची, छोटी पेटी. (म्हणजे आशिष जुलैत म्हणाला तीच, प्रक्रियेचा फायदा हा, की तीच गोष्ट आता विचारपूर्वक झाली.) खाली सही केली.

उरला निकष क्रमांक तेवीस: पेटी ठेवायच्या जागेचं तापमान. सोमवारी तापाचा थर्मामीटर घेऊन ते खाली दवाखान्यात गेले. एक्स-रेच्या कपाटामागे हात घातला, तर हाताला काहीतरी कोमट लागलं. वाकून पाहिलं. पंखा नसलेली, चार पोर्टची, छोटी काळी पेटी. हिरवा दिवा लुकलुकत होता. वर आशिषच्या अक्षरात चिठ्ठी: 'बेहाला. बंद करू नये.' खाली तारीख होती. ऑगस्टमधली, तिसऱ्या बैठकीच्या आठवड्यातली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. रघुनाथराव स्टुलावर बसले.

दवाखान्याच्या काउंटरवर बसणारी मृणाल म्हणाली, "मेशोमशाय, ये तो कब से है. तीनों जगह का एक्स-रे यहीं खुल जाता है." मग जीभ चावून म्हणाली, "दीदी ने बोला था, आपको नहीं बताना." (मेशोमशाय म्हणजे मावशीचे यजमान. कोलकात्यात निवृत्त माणसाला ही बढती आपोआप मिळते.)

म्हणजे सोळा शनिवार डिस्कची कुणालाही गरज नव्हती. सोळा वेळा ती दीड तास आली होती, नोंदवहीत सही केली होती, आणि झुरळांचं काय ठरलं म्हणून विचारलं होतं. रघुनाथरावांनी थर्मामीटर खिशात ठेवला आणि जिना चढायला नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी वड्या करायच्या की थालीपीठ?" श्यामलाबाई म्हणाल्या.

खोलीत जाऊन रघुनाथरावांनी सही केलेली शिफारस फाडली. नवा कागद घेतला. बेहाल्याच्या दमट हवेत पंखा नसलेल्या पेटीचे पोर्ट गंजण्याची शक्यता तपासावी लागेल, सबब निर्णय पुढे ढकलण्यात येत आहे, असं लिहिलं, आणि बेचाळिसावा निकष जोडला.

शनिवारी वृषाली आली. पिशवीतून डिस्क काढून तिनं टेबलावर ठेवली. रघुनाथरावांनी नोंदवही उघडली, 'आत काय आहे' या रकान्यात 'सर्व ठीक' लिहिलं आणि सही केली. चौतीस वर्षांची नोकरी धरून, आत काय नाही हे माहीत असून सही केलेली ही एकमेव वस्तू.

"बाबा, पेटीचं काय ठरलं?"

"अडचण आहे," ते म्हणाले. "गंज."

"अरे बापरे," वृषाली म्हणाली, आणि तिनं ताट पुढे ओढलं. "मग घाई नको."

ज्या वाचकांची सगळी घरं एकमेकांना उत्तम जोडलेली आहेत आणि ज्यांना आईबाबा रोज पडद्यावर लख्ख दिसतात, त्यांनी रघुनाथरावांना खुशाल हसावं. फक्त हसून झाल्यावर, आपण आपल्या आईबाबांकडे शेवटचे जेवायला कधी गेलो होतो, तो रकाना भरून द्यावा. ('लवकरच जाणार आहे' हे उत्तर छाननीत बाद होईल.)