टेबलाची पलीकडची बाजू

इंटरव्ह्यूबद्दल मला कोणी शिकवायच्या भानगडीत पडू नये! एकोणीस वर्षं मी कारखान्यात स्टोअरकीपर होतो, आणि त्यातली बारा वर्षं नवी माणसं घेताना साहेबांच्या शेजारी बसत होतो. उमेदवार दारातून आत आला की नुसत्या त्याच्या बुटांवरून मी त्याचं भविष्य सांगायचो. ते कधी खरं ठरलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग कारखानाच बंद पडला. चार महिने घर एकट्या बायकोच्या पगारावर चाललं होतं. ती एका शब्दानं बोलली नाही, त्यामुळे तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अशात एका औषध कंपनीच्या गोदामातून बोलावणं आलं. जागा एकच होती.

"तुमची सवय मोडलीय," बायको म्हणाली. "घरी सराव करू या."

"मला सराव? अगं, माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवतेस?"

पण सासरे आधीच सरसावले होते. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी जेवणाच्या टेबलाचं ऑफिस केलं. एका बाजूला ते आणि बायको, समोर एक रिकामी खुर्ची. मी दार वाजवलं, ऐटीत आत आलो आणि सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"जावईबापू, उमेदवार तुम्ही आहात," सासरे म्हणाले.

"हो की." मी उठून समोर बसलो.

"आधीची नोकरी का सोडलीत?"

"मी कुठे सोडली? तिनंच मला सोडलं."

"असं सांगतात का कुठे? प्रगतीच्या शोधात आहे म्हणा."

"संकटात कसे वागलात?" बायकोनं विचारलं.

हा माझा हुकमाचा एक्का. एकदा स्टोअरमध्ये पाइप फुटला, तेव्हा आम्ही अकरा जणांनी मिळून बेअरिंगची दोनशे खोकी वरच्या फळ्यांवर चढवली होती.

"एकट्यानं चढवली म्हणा," सासरे म्हणाले. "आणि पाणी कंबरेएवढं."

"अहो, घोटाही बुडला नव्हता."

"तुम्हाला नोकरी हवीय की पाणी मोजायचंय?"

तीन दिवस घोकंपट्टी चालली. तिसऱ्या दिवशी माझी उत्तरं पाठ झाली, पण बायकोचा शेवटचा प्रश्न संपताच मीच तिला म्हणालो, "ठीक आहे, आम्ही कळवू." बायकोनं कपाळाला हात लावला.

सोमवारी मी तासभर आधीच पोचलो. "आत बसा, साहेब येतीलच," बाहेरची बाई म्हणाली. खोलीत लांबलचक टेबल. एका बाजूला तीन गुबगुबीत खुर्च्या, दुसऱ्या बाजूला एक साधी. माझे पाय आपोआप वळले आणि मी मधल्या गुबगुबीत खुर्चीत जाऊन बसलो. एवढ्यात दार किलकिलं झालं.

"आत येऊ का, सर?"

"या, बसा." शप्पथ सांगतो, तोंडातून निघून गेलं!

माणूस माझ्याच वयाचा होता. घामाघूम झालेला, फाइल छातीशी धरलेली. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं हो, पण त्यानं ती फाइल दोन्ही हातांनी माझ्यापुढे केली. चार महिन्यांत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. मोह आवरला नाही.

"आधीची नोकरी का सोडलीत?"

"मालकाशी भांडलो, सर."

"छे! प्रगतीच्या शोधात आहे म्हणा."

त्यानं ते लिहून घेतलं.

"संकटात कसे वागता?"

"घाबरतो, सर." त्याचा आवाज रडवेला झाला. "घरी मी एकटाच कमावणारा आहे, म्हणून जास्तच घाबरतो."

आता मला राहवेना. "हे पाहा, समजा स्टोअरमध्ये पाइप फुटला," मी सुरू केलं, आणि फळ्यांवरच्या शेवटच्या खोक्यापर्यंत सगळं सांगून मोकळा झालो. तो जिवाचा कान करून ऐकत होता.

तेवढ्यात खरे तिघं आत आले. त्यांच्यातल्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आपण कोण?"

"उमेदवार," मी खुर्चीतून उठत म्हणालो. तो माणूस माझ्याकडे आ वासून बघत राहिला. मॅडमनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि आधी त्याला घेतलं. वीस मिनिटांनी माझी पाळी आली.

"आधीची नोकरी का सोडलीत?"

"प्रगतीच्या शोधात आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "संकटात कसे वागलात?"

"स्टोअरमध्ये पाइप फुटला..."

"तुमच्याकडेही?" मॅडम म्हणाल्या.

"कंबरेएवढं पाणी होतं."

"त्यांच्याकडे छातीएवढं होतं."

"दोनशे खोकी मी एकट्यानं..."

"त्यांनी चारशे चढवली."

खरा पाइप माझा होता, पण पाणी त्याचं जास्त होतं. अर्ध्या तासानं निकाल सांगितला. तो माणूस धावत माझ्याकडे आला, माझा हात हातात घेतला आणि त्याला रडूच फुटलं. मला राग यायला हवा होता. आलाही, पण त्याच्या डोळ्यांतलं पाणी काही बनावट नव्हतं.

घरी बायको दारातच उभी होती, मागे सासरे.

"काय झालं?"

"निवड झाली," मी म्हणालो.

सासऱ्यांनी आनंदानं टाळी वाजवली. बायकोनं मात्र माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कोणाची?"

"माणूस चांगला आहे गं," मी बूट काढता काढता म्हणालो. "मीच घेतला त्याला."