अब्बासचाचांची सवत

बायकांना सवत असते हे ऐकलं होतं. दाढीवाल्या बस कंडक्टरला सवत असलेली मी मस्कतमध्येच पाहिली. रुवीच्या स्टँडवर आमच्या बस कंपनीनं तिकिटाचं काउंटर उघडून आत कॉम्प्युटर बसवला, तीच अब्बासचाचांची सवत.

तिथून तिकीट घेऊन कोणी चाचांच्या, रुस्ताक गावाला जाणाऱ्या बसमध्ये चढला, की चाचा गुरकावत, "सवतीकडनं आलास काय?" मग त्याला मागची, इंजिनानं तापलेली सीट. बसमध्ये चाचांकडून तिकीट घेणाऱ्याला मात्र पुढची जागा आणि थंड पाणी. एकदा एक जोडपं आलं, नवऱ्यानं घाईत काउंटरवरून एकच तिकीट घेतलेलं. चाचांनी बायकोला आपलं तिकीट फाडून पुढे बसवलं, नवऱ्याला मागे धाडलं.

मी डेपोत मेकॅनिक, वसईचा ख्रिस्ती. फावल्या वेळात पत्रकं लिहायचो. मामला सरळ होता. कंडक्टरांचा मूळ पगार तुटपुंजा, घर चाले ते बसमध्ये विकलेल्या तिकिटांच्या कमिशनवर. विक्री काउंटरवर गेली आणि कमिशन आटलं. ही उघड लूट होती! आमची मागणी एकच: कमिशनऐवजी वाढवून पक्का पगार. तो मिळेपर्यंत कोणी गाडीवर चढायचं नाही.

हमरिया वस्तीतल्या कंडक्टरांच्या खोलीत बैठक भरली, तिथं मी घसा कोरडा होईस्तोवर बोललो. आणि सगळे कंडक्टर बघत होते कुणाकडे? चाचांकडे! असा जळफळाट झाला माझा! पत्रकं मी लिहायची आणि निकाल यांच्या दाढीनं द्यायचा!

"पाद्रीबुवा, प्रवचन खलास?" चाचा म्हणाले. "मला पक्का पगार नको."

"चाचा, तुम्ही मालकाची भाषा बोलताय."

"अर्बाब गेला खड्ड्यात. पगार पक्का झाला, की बसमध्ये तिकीट विकणं बंद. मग मी लोकांशी बोलू कसा?"

"बोलायचं काय त्यात?"

"कुठं जाणार, कोणाकडं, घरी बरं हाय ना? तिकीट फाडताना सगळं विचारता येतं. उगीच विचारलं, तर म्हणतील म्हातारा चोंबडा हाय." चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमची ही गेली तेव्हापासून गावाकडनं फोन नाय येत. खोलीवर पंखा तेवढा बोलतो."

मी हातातलं पत्रक घडी करून खिशात घातलं.

"पण तुमची पोरंबाळं हायत," टोपी चढवत ते म्हणाले. "उद्या मी नाय चढत गाडीवर. यल्ला, उठा."

दुसऱ्या दिवशी एकही कंडक्टर चढला नाही. कंपनी कुरकुरली, धमकावून बघितलं, शेवटी नमली. पगार पक्का झाला. सगळ्यांनी खांद्यावर घेतलं ते चाचांना. मी खाली उभा राहून टाळ्या वाजवल्या, दात-ओठ खात.

पुढे एकदा कामासाठी रुस्ताकला निघालो. आता सगळेच प्रवासी काउंटरवरून आलेले. चाचा दारात आडवे उभे.

"कुठं जाणार?" त्यांनी एका राजापुरी शिंप्याला अडवलं.

"तिकिटावर लिहिलंय की, चाचा."

"लिवलंय रे. पण तू सांग."

मागे रांग खोळंबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शिंप्यानं चाचांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.